नोंद नसलेलं दुकान आणि आपली तीन वर्षं

(काष्टी, ता. श्रीगोंदा येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज शनिवार, बाजाराचा दिवस. कुणी शेळी विकून आलीय, कुणी पाटी रिकामी करून. घरी जायची घाई आहे, तेव्हा लांबण लावत नाही.

मागे एका गटात मी विचारलं, शिलाईचे पैसे बुडवले तर दावा का लावत नाही? एकजण म्हणाली, "बाई, त्याचं दुकानच कागदावर नाही, केस कुणावर करायची?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. हा समज मालकांच्या इतका सोयीचा आहे, की तो त्यांनीच पसरवला असावा असं मला कधीकधी वाटतं.

कायदा याच्या उलट आहे. 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 69 म्हणतं, की नोंदणी न केलेल्या पेढीला कराराच्या जोरावर बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. म्हणजे अडवलंय पेढीला, तुम्हाला नाही. तुम्ही पेढीवर आणि तिच्या प्रत्येक भागीदारावर दावा लावू शकता. आणि दुकान एकट्याचं असेल, तर दुकान म्हणजे तोच माणूस. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 30 प्रमाणे त्याच्या पाटीवरच्या नावानेही दावा लागतो. तरी मालकाचं खरं नाव आधीच शोधून ठेवा. चुकीच्या माणसावर दावा लावला आणि खरा मालक मागाहून जोडला, तर त्याच्यापुरता दावा जोडल्या दिवसापासून धरला जातो. चूक प्रामाणिक होती हे कोर्टाला पटलं तरच सूट. तोवर मुदत टळलेली असू शकते.

"लेखी काहीच नाही" हे दुसरं रडगाणं. इथल्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून बैलाचा सौदा होतो, तो काय खोटा असतो? तोंडी करारही करारच. पुरावा मात्र लागतो: माल दिल्याची तारीख, नगांची वही, बरोबर गेलेल्या बाईची साक्ष.

आता मुदत. 1963 च्या मुदत कायद्यात दुकान नोंदलेलं की बिननोंदीचं असा भेद नाही. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल, तर शिलाईसारख्या कामाची तीन वर्षं काम पुरं झालं त्या दिवसापासून. पापड-कुरडया उधारीत दिल्या आणि उधारीची मुदत ठरलेली नसेल, तर माल पोचवल्या दिवसापासून तीन वर्षं. प्रत्येक खेपेची तारीख वेगळी. आणि दाव्याच्या बाबतीत "उशीर झाला, माफ करा" चालत नाही. समोरचा गप्प बसला तरी मुदतबाह्य दावा कोर्टाने फेटाळायचाच असतो. नोटीस पाठवली, पोलिसांत अर्ज दिला, म्हणून घड्याळ थांबत नाही. शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल, तर उघडेल त्या दिवशी चालतं, एवढीच सवलत.

रोजंदारीवर किंवा पगारावर असाल तर आणखी एक वाट आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत थकलेल्या मजुरीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तीन वर्षांत अर्ज करता येतो. आधीच्या कायद्यात बाराच महिने होते. इथे सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो.

आता माझी चूक सांगते. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला कायद्याचा पेपर होता, पण मुदतीबद्दल त्यात एक ओळ नव्हती. तरी ही सबब होत नाही.

एप्रिल 2023 मध्ये एक ताई माझ्याकडे आल्या. घरी बसून परकर शिवायच्या. दिवाळीच्या तोंडावर, 15 ऑक्टोबर 2019 ला, त्यांनी शेवटचा माल दिला. अठरा हजार चारशे रुपये येणं होतं. आधी "पाडव्याला देतो", मग टाळेबंदी, मग "धंदा बसला". शेवटी तो म्हणाला, "तीन वर्षं झाली, आता कोर्टही विचारणार नाही." मी बोटांवर मोजलं आणि ताईंना म्हणाले, खरंय, मुदत संपली. त्या काही बोलल्या नाहीत. पिशवी उचलली आणि गेल्या.

पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये एका वकील मैत्रिणीने सांगितलं, की करोनामुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता. ताईंची पाचच महिने संपली होती. उरलेली दोन वर्षं सात महिने 1 मार्च 2022 पासून मोजायची, म्हणजे सप्टेंबर 2024 अखेरपर्यंत. माझ्याकडे आल्या तेव्हा जवळजवळ दीड वर्ष हातात होतं. ते मी घालवलं. मालक खोटं बोलला, आणि मी त्यावर शिक्का मारला.

मी ताईंच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता?"

आता एवढंच, की दाव्याचा रस्ता बंद झाला तरी देणं मेलेलं नाही. बॉम्बे डाइंगच्या खटल्यात 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या न घेतलेल्या वेतनाबद्दल हेच म्हटलं: मुदत संपली की वसुलीचा उपाय जातो, कर्ज जात नाही. आणि करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे अशा जुन्या देण्याबद्दलही त्याने "इतके रुपये देईन" असं लिहून सही केली, तर तो नवा करार होतो. आम्ही चौघीजणी दर महिन्याला ताईंबरोबर त्याच्या दुकानात जातो. अजून सही झालेली नाही.

तुमची मुदत चालू असेल तर हाच कागद आधी घ्या. मुदतीच्या आत "देणं आहे" अशी सहीची कबुली मिळाली, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने सुरू. थोडे पैसे दिले तरी तसंच, पण ते त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी लिहिलेलं हवं. नुसत्या रोख पाचशेने मुदत वाढत नाही, "दिवाळीला देतो"नेही नाही. मोबाइलवरचे निरोप पुरावा म्हणून जपून ठेवा, पण सहीच्या जागी त्यांच्यावर विसंबू नका.

वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. श्रीगोंद्याला कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

पुढच्या शनिवारी येताना वह्या आणा. ज्यांच्या वहीत तारखा नाहीत, त्यांनी बरोबर माल पोचवायला गेलेल्या बाईला घेऊन या. आपण एकेकीची तारीख मोजू. मी मोजलेलं या वेळी वकिलाकडून तपासून घेणार आहे.