गप्प बस म्हणू नका
(शिनोली येथे शिक्षक व पालक यांच्या सभेत केलेले भाषण)



ट्रेनिंग कॉलेजात आम्हांस पाठ कसा घ्यावा हे शिकविले. पण वर्तमानपत्र हाती घेऊन वर्गात कसे जावे, हे कोणी शिकविले नाही. ते आम्ही चुका करीत शिकलो. त्यांतील एक चूक आज आपणांपुढे कबूल करतो.

ता. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांकडून जयघोष करविला, विक्रम व प्रज्ञान ही नावे घोकून घेतली, आणि धन्य झालो. इतक्यात मागल्या रांगेतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, खोडदच्या तबकड्यांमुळे पाऊस हटतो, हे खरं का?" त्या महिन्यात पावसाने ओढ दिली होती, देशात १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. पोरीच्या घरी तीच चिंता असणार. वर्ग हसला, आणि आम्ही तिला "गप्प बस" म्हणालो!

पोथी घोकणे आणि विज्ञानाची बातमी घोकणे, यांत मग फरक तो काय राहिला? रात्री आमचे आम्हांलाच हे बोचले. पुढल्या आठवड्यात तिच्याच प्रश्नाचा पाठ घेतला. खोडदच्या दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्या आकाशात काही सोडीत नाहीत. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी तेवढ्या झेलतात. कान ऐकतो, बोलत नाही, तसेच हे. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची लहर ह्याच दुर्बिणीने टिपल्याची बातमी जानेवारी २०२३ मध्ये जगभर गेली. शेजारच्या तालुक्यातली ही गोष्ट आमच्या वर्गात मात्र सात महिने उशिरा पोचली!

पण गुरुजी सांगतात म्हणून तरी मुलांनी का मानावे? आम्ही म्हणालो, "घरी आजोबांना विचारून या, बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा ह्या तबकड्या होत्या का?" तबकड्या उभ्या राहिल्या १९९० नंतर. उत्तर मुलांनीच आणले.

मग सरळ उभ्या कडांचा एक डबा उघड्यावर ठेवून रोज पट्टीने पाऊस मोजू लागलो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी, हा हिशेब मुलांनी घरी सांगितला, तेव्हा शाळेकडे न फिरकणारे बापही डबा पाहावयास आले. ११ जुलै २०२५ रोजी शिवनेरीसह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हाही आम्ही जयघोषावर थांबलो नाही. गडावरची पाण्याची टाकी कोणाच्या हातांनी खोदली, ते पाणी किती माणसांस किती दिवस पुरेल, हे मुलांना विचारले.

कोणी म्हणेल, परीक्षेत हे येत नाही, मग ही उठाठेव कशाला? त्यांनी आपल्याच तालुक्यातील माळीण आठवावे. ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात डोंगर खचला आणि दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. पाणी मुरून माती जड होते, तिची पकड सुटते. जमिनीस नव्या भेगा पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, झाडे कलणे, ह्या धोक्याच्या खुणा होत. पुढे कधी एखादे पोर घरी येऊन म्हणेल, "आबा, डबा रात्रीतच भरला, वर डोंगराला भेग पडलीय." त्या वेळी त्याला "गप्प बस" म्हणणारा बाप काय गमावील, आणि हे त्याला आधी वर्गात ऐकविणारा शिक्षक कोणत्या पापाचा धनी होईल, याचा विचार करा.

शिक्षक बंधूंनो, रोज एक बातमी फळ्यावर लिहा व तिच्याखाली मुलांचा एक प्रश्न लिहा. उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि मुलांसह शोधा. पालकहो, पोराने घरी प्रश्न आणला तर त्याला हसू नका. आमच्या त्या विद्यार्थिनीची आम्ही भर वर्गात माफी मागितली. आज आपणां सर्वांसमक्ष पुन्हा मागतो.