महामार्गाकाठचे शहर आणि त्याचा वाटा



 अर्थशास्त्राच्या परिषदा बहुधा विद्यापीठांच्या आवारात भरतात. यंदाची परिषद मीरा-भाईंदरमध्ये, काशीमिऱ्याच्या नाक्याजवळ भरली आहे, आणि महामार्गांचे रुंदीकरण व स्थानिक विकास हा विषयही दारातलाच आहे. म्हणून देशाचे चित्र थोडक्यात सांगून मी या शहराबद्दलच अधिक बोलणार आहे.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. रुंदीकरणाला माझा विरोध नाही. 2013 च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या वरसाव्याच्या जुन्या खाडीपुलाच्या गर्डरला तडे आढळले आणि अवजड वाहने बंद करावी लागली. 2016 मध्ये पुन्हा दुरुस्तीची वेळ आली. त्या दिवसांत घोडबंदरपासून दहिसरपर्यंत लागलेल्या रांगा इथल्या प्रत्येकाने पाहिल्या आहेत. 2023 मध्ये नवा पूल खुला झाला आणि खाडीवरचा जीवघेणा खोळंबा पुष्कळ कमी झाला. हे काम व्हायलाच हवे होते, खरे तर आणखी लवकर. माझा प्रश्न वेगळा आहे. रस्ता रुंद झाल्याने जो वेळ वाचतो, त्याचा पैसा शेवटी कोणाच्या हातात पडतो? ज्या शहराच्या अंगावरून हा रस्ता जातो, त्याच्या हातात त्यातले काय उरते?

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. देशाच्या रस्तेधोरणाचा पाया ज्या समितीने घातला, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. 1927 साली नेमलेल्या त्या समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पुढे 1943 साली देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग ही उतरंड तिथे ठरली. आजही सार्वजनिक बांधकाम खाते त्याच भाषेत बोलते. या योजनेचा गाभा असा होता, की हे पाचही प्रकार मिळून एकच व्यवस्था आहे आणि वरचा रस्ता खालच्या रस्त्यांशिवाय अपुरा आहे. गेल्या पंचवीस वर्षांत आपण वरच्या रस्त्यावर अमाप पैसा ओतला. खालचे रस्ते ज्यांच्या अखत्यारीत येतात, त्या नगरपालिका आणि जिल्हा परिषदा मात्र निधीसाठी हात पसरत राहिल्या.

नंतरच्या संशोधनानेही हीच काळजी वाढवली आहे. सुवर्ण चतुष्कोन महामार्ग प्रकल्पावर घनी, गोस्वामी आणि केर यांचा 2016 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्यापैकी अनेकांनी वाचला असेल. महामार्गापासून दहा किलोमीटरच्या आतल्या जिल्ह्यांत कारखानदारी लक्षणीय वाढली, त्यापलीकडे तसा परिणाम दिसला नाही, हा त्यांचा निष्कर्ष. आपला मुंबई-अहमदाबाद रस्ता, पूर्वीचा आठ क्रमांकाचा आणि आताचा अठ्ठेचाळीस क्रमांकाचा, त्याच चतुष्कोनाचा भाग आहे. पण चीनच्या महामार्गजाळ्यावर बेन फाबेर यांनी 2014 मध्ये जे मांडले, ते मला या शहराच्या दृष्टीने अधिक मोलाचे वाटते. मोठ्या शहरांना जोडणारे रस्ते झाले, तेव्हा वाटेवरच्या परिघावरील भागांची औद्योगिक वाढ मंदावली, कारण महानगरातला माल आणि महानगरातली ताकद त्याच रस्त्याने परिघावर येऊन आदळली. म्हणजे रस्ता दोन्ही दिशांनी काम करतो. मुंबईला खेटून असलेल्या शहराने हे कधी विसरू नये.

मीरा-भाईंदरचे आकडे पाहा. 1985 मध्ये इथे नगरपरिषद झाली, 2002 मध्ये महानगरपालिका. 1991 च्या जनगणनेत लोकसंख्या 1,75,605 होती, 2001 मध्ये 5,20,388 आणि 2011 मध्ये 8,09,378. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक. एवढी माणसे काही इथल्या कारखान्यांनी ओढून आणली नाहीत. मुंबईत घर परवडेना म्हणून ती रेल्वेने आणि महामार्गाने इथे आली, आणि रोज सकाळी त्याच वाटेने मुंबईला जातात. या शहरात महामार्गाचा लाभ सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त जमिनीच्या भावाला झाला. रोजगाराला झाला तो त्यानंतर, आणि फार थोडा.

जमिनीचा भाव वाढला म्हणजे प्रगती झाली, असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. ती सवय घातक आहे, आणि का, ते भाईंदरच्या स्टीलच्या डब्याकडे पाहिले की कळते.

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टेनलेस स्टीलची भांडी बनतात. ताटे, डबे, पिंपे, कढया. यातला बराच धंदा जॉबवर्कचा आहे. एका गाळ्यात पत्र्यातून गोल सर्कल कापले जातात. दुसऱ्या गाळ्यात प्रेसखाली त्यांना आकार येतो. तिसऱ्या ठिकाणी बफिंग होते. तिथल्या कारागिराचे तोंड, हात आणि कपडे दिवसअखेर काळ्या भुकटीने माखलेले असतात. मग आणखी कुठे तरी झाकण बसते, छाप पडतो, डब्यात डबा घालून, मध्ये कागद सारून, सुतळीने बांधणी होते. महामार्गावर चढण्याआधी तो डबा हातगाडीवरून आणि छोट्या टेम्पोतून तीन-चार वेळा गल्लीबोळांत हिंडलेला असतो. त्या गल्लीत गटार फुटले असेल, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतील, तर महामार्ग सहापदरी असो की आठपदरी, डब्याचा खर्च कमी होत नाही. नंतर तोच माल गोल्डन नेस्ट चौकावरून मीरा-भाईंदर रस्त्याने काशीमिऱ्याला निघतो. त्या रस्त्यावर मेट्रो 9 चे खांब आणि उड्डाणपूल उभारताना लहान उद्योजकाने जी वर्षे काढली, त्यांची नोंद कुठल्याही प्रकल्प अहवालात नाही.

आणि रस्ता सुधारला की जागेचे भाडे वाढते. गाळ्याच्या मालकाला इमारत बांधणे अधिक फायद्याचे वाटू लागते. जॉबवर्कची साखळी अशी असते, की तिच्यातला एक बफिंगवाला खाडीपलीकडे वालीव-सातिवलीला गेला, तर मागे राहिलेल्या चौघांचाही खर्च वाढतो. ज्या रस्त्याने कारखान्याला बाजार जवळ यायचा, त्याच रस्त्याच्या जोरावर कारखाना शहराबाहेर ढकलला जातो. हे टाळता येते. विकास आराखड्यात औद्योगिक जमिनीचे आरक्षण ठाम ठेवले आणि तिचा वापर सहजासहजी निवासी होऊ दिला नाही, तर टाळता येते. रुंदीकरणाच्या निर्णयाबरोबरच हा निर्णय व्हायला हवा. तो मागाहून घेण्यात अर्थ नाही, कारण तोवर जमीन हातची गेलेली असते.

उत्तनची गोष्ट वेगळी, पण दुखणे तेच. उत्तन, पाली, चौक इथली मासळी शहराच्या पश्चिम टोकाला उतरते आणि महामार्ग पूर्व टोकाला आहे. मधले सगळे शहर पार करेपर्यंत बर्फ वितळतो. बोंबील वाळवून विकता येतो, पापलेट नाही. बंदराशेजारी शीतगृहे, बर्फाची सोय आणि मासळीच्या गाड्यांना सकाळच्या वेळी मोकळी वाट, एवढे झाले तरी कोळी कुटुंबाला महामार्गाच्या दोन जादा पदरांपेक्षा अधिक लाभ होईल. आता मुंबई महापालिकेचा वर्सोवा-दहिसर-भाईंदर किनारी रस्ता मिठागरे आणि खारफुटीच्या पट्ट्यातून आखला गेला आहे. भरतीचे पाणी सामावून घेणारी ही जमीन आहे. तिच्यावर रस्ता उभारताना खाड्यांची मुखे आणि मासेमारीच्या वाटा मोकळ्या राहतील, याची लेखी हमी कोळी समाजाने मागितली तर ती अडवणूक ठरत नाही. या शहराच्या एका अंगाला राष्ट्रीय उद्यान आहे, दुसऱ्या अंगाला खाडी आणि समुद्र. इथे रिकामी जमीन उरलेलीच नाही. प्रत्येक नवा पदर कोणाच्या तरी अंगणातून जातो.

काशीमिरा ते वरसावे या पट्ट्यात ढाबे, टायरची दुकाने, गॅरेज, लॉज आणि हॉटेले आहेत. त्यांचा धंदा गुजरातहून न्हावाशेवा बंदराकडे जाणाऱ्या अवजड वाहनांवर बराचसा अवलंबून आहे. ही वाहने फाउंटन नाक्यापाशी वळून घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या घाटातून ठाण्याकडे जातात. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग पुरा झाला, की त्यातली पुष्कळशी वाहने इथे येणारच नाहीत. कोंडीने गांजलेल्या नागरिकाला ती सुटका वाटेल, आणि ती आहेच. पण या धंद्यांत राबणाऱ्या पोरांचे काय? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पुरा झाला, तेव्हा जुन्या रस्त्यावरचे चालते थांबे मागे पडले आणि खाणेपिणे फूड मॉलमध्ये एकवटले. तिथे जागा घेण्याची ऐपत छोट्या खानावळवाल्यांपैकी किती जणांकडे होती? हा बदल इथे येणार हे आज दिसते आहे. मग पर्यायही आजच शोधायला हवा.

दुसरीकडे घोडबंदर रस्त्याला पर्याय म्हणून गायमुख ते फाउंटन भुयारी मार्ग आणि पुढे भाईंदरपर्यंत उन्नत मार्ग आखला गेला. 2025 मध्ये त्याच्या निविदांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) ती प्रक्रिया रद्द केली. चौदा हजार कोटींच्या घरातल्या या प्रकल्पावर चर्चा झाली ती कंत्राटदार आणि बोलींची. उन्नत मार्गावर स्थानिक टेम्पोने कुठे चढायचे, कुठे उतरायचे, ही चर्चा मी तरी कुठे ऐकली नाही. तीच झाली पाहिजे.

मित्रहो, महामार्गाचे काम हाती घेण्यापूर्वी वाहनांची मोजणी होते. किती ट्रक, किती मोटारी, किती बस, हे आपल्याला कळते. ट्रकमध्ये कोणता माल आहे, तो इथे उतरतो की नुसताच पुढे जातो, सेवा रस्त्यावर कोण उभे असते, रस्ता ओलांडून शाळेत आणि कामावर कोण जाते, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही. 1935 साली अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची पाहणी गोखले संस्थेतर्फे प्रसिद्ध केली होती. नव्वद वर्षांपूर्वी, तुटपुंज्या साधनांवर, आपल्या पूर्वसुरींनी हे काम करून दाखवले. आज आपल्याकडे माणसे आहेत, विद्यार्थी आहेत, मोबाइल आहे.

म्हणून माझी या परिषदेला एकच विनंती आहे. दहिसर टोलनाक्यापासून वरसावे पुलापर्यंत आणि काशीमिऱ्यापासून उत्तनपर्यंत मालाची आणि माणसांची पाहणी आपण हाती घ्यावी. इथल्या महाविद्यालयांनी विद्यार्थी द्यावेत, उद्योजक संघटनांनी आपल्या मालाच्या नोंदी खुल्या कराव्यात, कोळी समाजाच्या संस्थांनी मासळीच्या वाहतुकीची माहिती द्यावी. अहवाल मराठीत निघावा, आणि पुढच्या अधिवेशनात तो मांडण्याआधी महापालिकेच्या, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या आणि एमएमआरडीएच्या टेबलावर पोहोचावा. या कामात माझा वेळ आणि माझे श्रम मी आजच देऊ करतो. ज्यांना यायचे आहे त्यांनी अधिवेशन संपण्यापूर्वी कार्यवाहांकडे नाव नोंदवावे.