सही जुळत नाही तेव्हा
(दीपनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कला शाखेचा पदवीधर, पेशाने बँकेत लिपिक. अशा माणसाने शरीरातील प्रथिनांवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु माझ्याच काउंटरवर माझ्या हातून झालेल्या एका चुकीने मला हा विषय शिकविला.

पंचेचाळिशीतील एक खातेदार पैसे काढायला येत. चालताना झोकांड्या जात, जीभ जड पडे. एके दिवशी सही जुळेना म्हणून मी त्यांची स्लिप तीनदा परत केली. रांगेतून कोणीतरी म्हणाले, "सकाळीच टाकून आले!" आणि मी हसलो. पुढच्या आठवड्यात त्यांची मुलगी डॉक्टरांचा कागद घेऊन आली. "साहेब, बाबा थेंबही घेत नाहीत. त्यांना आजार आहे." कागदावर होते: एससीए-३.

हा आजार काय ते मी वाचून समजून घेतले. पेशीत प्रथिने सतत तयार होतात आणि निकामी झालेली मोडीत काढावी लागतात. दीपनगरकरांना हे वेगळे सांगायला नको. कोळसा जळतो तिथे राख उचलावीच लागते. मोडीत काढायच्या प्रथिनावर पेशी युबिक्विटिन नावाचे ७६ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन चिकटविते. एकाला एक जोडून त्याची साखळी होते. ठराविक प्रकारची साखळी दिसली की प्रोटिअसोम नावाचे यंत्र त्या प्रथिनाचे तुकडे करते. या शोधासाठी चिकानोव्हर, हर्श्को व रोझ या तिघांना २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

साखळी लावणारे आहेत, तसे ती सोडविणारेही आहेत. चुकून लागलेली खूण ते काढतात आणि युबिक्विटिन पुन्हा वापरात आणतात. त्यांपैकीच एक अटॅक्सिन-३. याचा जनुक १४ व्या गुणसूत्रावर आहे. तो १९९४ साली सापडला. हे प्रथिन साखळी सोडविते हे २००३ मध्ये दिसून आले. त्याच्या सुरुवातीच्या भागाला जोसेफिन म्हणतात. ती जणू कात्री. १४ व्या जागचे सिस्टीन, ११९ व्या जागचे हिस्टिडीन आणि १३४ व्या जागचे अॅस्पॅराजिन मिळून ती चालवितात. पुढे साखळी धरून ठेवणारे आकडे आहेत. चार किंवा अधिक कड्यांची साखळी ते चांगली धरतात.

शेपटाकडे मात्र ग्लुटामिन हे एकच अमिनो आम्ल ओळीने येते. निरोगी माणसात ते साधारण ४४ वेळांपर्यंत, रुग्णात बहुधा ६० हून अधिक. लांबलेल्या शेपटामुळे प्रथिनाच्या गुठळ्या होतात. लहान मेंदू व मेंदूचा देठ झिजतो आणि तोल, वाचा, अक्षर बिघडते. दोष केवळ कात्री बोथट होण्याचा नाही. ज्या उंदरांत हे प्रथिनच नाही, तेही जगतात आणि त्यांना हा आजार होत नाही.

आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी. तो स्पर्शाने होत नाही आणि मागच्या जन्मीच्या पापाने तर नाहीच. समूळ बरे करणारे औषध आज नाही. व्यायाम आणि वाचा-उपचार यांनी मदत होते. बुद्धी बहुतेक शाबूत राहते, म्हणून लोकांचे हसणे त्या माणसाला पुरते कळते.

"मी तपासणी करू का?" असे त्या मुलीने मला विचारले. तो निर्णय सज्ञान व्यक्तीचा स्वतःचा. आधी जनुकीय समुपदेशन घ्यावे. सोयरिकीसाठी कोणी सक्ती करू नये, एवढेच मी सांगितले.

आणि बँकेचे म्हणाल, तर आजारामुळे सही करता येत नसेल तर बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. हा नियम त्या दिवशी मला आठवायला हवा होता. नंतर ते काका आले, तेव्हा आमच्या अधिकाऱ्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी साक्ष केली. मी शाईचे पॅड धरले आणि क्षमा मागितली.

विद्यार्थी मित्रांनो, झोकांडी जाणारा माणूस दिसला तर आधी हात द्या, मत नंतर बनवा.