पडद्यावरील सामान्य माणूस

७ जुलै १८९६ या दिवशीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत फ्रान्समधील ल्युमिए बंधूंचे सहा लहान लहान चित्रपट दाखविण्यांत आले. हिंदुस्थानांत हालतें चित्र प्रथम दिसलें तें त्या दिवशीं. त्या सहांपैकीं एकांत ना राजा होता, ना राणी. नट म्हणावा असाहि कोणी नव्हता. लियाँ शहरांतल्या एका कारखान्याचें दार उघडतें आणि कामकरी स्त्रीपुरुष घरीं जावयास बाहेर पडतात, एवढाच त्याचा विषय. चित्र पाऊण मिनिटांत संपतें. ही कला जन्मास आली तीच अशी सामान्य माणसाचें दर्शन घेत.

मात्र या दर्शनांत एक गोम होती. तो कारखाना ल्युमिए बंधूंच्याच मालकीचा होता. कॅमेऱ्यामागें धनी उभे आणि पुढें त्यांचे नोकर. तेंच दृश्य निरनिराळ्या वेळीं निदान तीनदां टिपण्यांत आलें आणि तितक्या वेळां कामकऱ्यांना त्या दारांतून कॅमेऱ्यापुढें यावें लागलें. जें चित्र पाहून ‘हेंच खरें जीवन’ असें प्रेक्षक म्हणतो, त्या चित्रांतील माणसाचा त्या चित्रावर हक्क किती, हा प्रश्न अशा रीतीनें पहिल्याच दिवशीं चित्रपटाबरोबर जन्मला. त्याचें उत्तर शोधण्यांत पुढें शंभर वर्षें गेलीं. त्या शोधाची कथा हाच या भाषणाचा विषय आहे.

अशा चित्रपटांना मराठींत अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणतात. इंग्रजींत त्यांना जें नांव पडलें तें १९२६ सालीं. जॉन ग्रीअर्सन या स्कॉटिश टीकाकारानें सामोआ बेटांवरील एका चित्रपटाचें परीक्षण न्यूयॉर्कच्या एका दैनिकांत लिहिलें व त्यांत ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द वापरला. तो चित्रपट रॉबर्ट फ्लाहर्टी या अमेरिकन गृहस्थाचा होता. फ्लाहर्टीची कीर्ति मात्र त्याच्या आधींच्या, १९२२ सालच्या, ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ या चित्रपटानें झालेली होती.

फ्लाहर्टी मूळचा खनिजांच्या शोधार्थ हिंडणारा. कॅनडाच्या उत्तरेस हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर त्याच्या फेऱ्या होत. तेथील इनुइट लोकांशीं, ज्यांना बाहेरचे लोक एस्किमो म्हणत त्यांच्याशीं, त्याचा स्नेह जमला. १९१३ पासून तो बरोबर कॅमेरा नेऊं लागला. परंतु १९१६ सालीं टोरोंटो येथें त्याच्या सिगारेटची ठिणगी पडली आणि कित्येक हजार फूट फिल्म भस्म झाली. दुसरा एखादा खचला असता. फ्लाहर्टीनें विचार केला कीं, जळालें तें तुटक दृश्यांचें गांठोडें होतें. आतां एकच कुटुंब घ्यावें आणि त्याचा संसार दाखवावा. रव्हियाँ नांवाच्या फ्रेंच कातडी-व्यापारी पेढीनें पैसा पुरविला. १९२० सालीं तो इनुकजुआक या ठिकाणीं उतरला आणि वर्षभर राहिला.

तेथें त्यानें एक गोष्ट अशी केली कीं, ती त्याच्या श्रेयाच्या बाजूस मांडलीच पाहिजे. घेतलेली फिल्म तो जागेवरच धूत असे आणि ज्यांचें चित्र घेतलें त्यांनाच प्रथम दाखवीत असे. वॉलरसच्या शिकारीचें दृश्य झोंपडींत दाखविलें तेव्हां तें पडद्यावरचें आहे याचें भान प्रेक्षकांना राहिलें नाहीं आणि जनावर निसटूं नये म्हणून ते ओरडूं लागले, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. पुढें त्या लोकांनीं आपण होऊन नव्या नव्या शिकारी सुचविल्या. कॅमेऱ्याची निगा, फिल्म धुण्यासाठीं लागणारें पाणी, सामानाची वाहतूक, या सर्वांत त्यांचाच हात होता.

असें असूनहि त्या चित्रपटांत असत्य पुष्कळ आहे. नायकाचें नांव नानूक नव्हतें; त्याचें खरें नांव अल्लाकारियाल्लाक. पडद्यावर त्याच्या बायका म्हणून दिसतात त्या त्याच्या बायका नव्हत्या. त्या काळीं त्या किनाऱ्यावर बंदुकीचा वापर सर्रास होता; चित्रांत मात्र जुना भाला आहे. बर्फाच्या घरांत उजेड पुरेना म्हणून अर्धेंच घर बांधलें आणि त्या उघड्या घरांत थंडीनें कुडकुडत त्या माणसांनीं झोंपण्याचा अभिनय केला. ग्रामोफोनची तबकडी नानूक नवलानें चावून पाहतो, त्यावर जगभर लोक हसले. वस्तुतः व्यापाऱ्याच्या वखारीशीं नित्य संबंध असलेलीं तीं माणसें असल्या वस्तूंना नवखीं नव्हतीं. तें भोळेपण बाहेरच्या प्रेक्षकासाठीं रचलेलें होतें.

चित्रपट गाजला. अल्लाकारियाल्लाक सुमारें दोन वर्षांनीं वारला. तो शिकारीला गेला असतां भुकेनें मेला, असें फ्लाहर्टीनें लिहिलें. नंतरच्या अभ्यासकांच्या मतें तो बहुधा क्षयानें गेला. म्हणजे त्याचें मरणहि चित्राला शोभेल असेंच सांगितलें गेलें.

येथें कोणी म्हणेल, झालें तें झालें, एका चित्रपटानें असें काय बिघडलें? त्याचें उत्तर त्याच गांवाच्या इतिहासांत आहे. १९५३ व १९५५ सालीं कॅनडाच्या सरकारनें इनुकजुआक येथील कांहीं कुटुंबें उचलून सुमारें दोन हजार किलोमीटर उत्तरेस, रेझोल्यूट व ग्रीस फिओर्ड या ठिकाणीं, नेऊन ठेविलीं. तेथें हिवाळ्यांत कित्येक आठवडे सूर्य उगवत नाहीं. शिकारीचीं जनावरें निराळीं, बर्फ निराळें, वारा निराळा. ‘दोन वर्षांनीं परत यावयाचें असल्यास याल,’ असें आश्वासन दिलें होतें; तें पाळलें गेलें नाहीं. या स्थलांतराबद्दल सरकारनें माफी मागितली ती २०१० सालीं. हें सर्व एका चित्रपटामुळें घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. उत्तरेकडील निर्जन बेटांवर आपली सत्ता दिसावी, हाहि सरकारचा हेतु होता असें पुष्कळांचें मत आहे. पण हे लोक शिकारीवर आणि बर्फांतच सुखी राहतात, ही जी समजूत अधिकाऱ्यांच्या बोलण्यांत होती, तीच समजूत त्या चित्रानें घरोघर पोंचविली होती. दुसऱ्यानें काढलेलें आपलें चित्र कधीं कधीं आपल्यावर हुकूम चालवूं लागतें, तें असें.

इंग्लंडांत या प्रश्नाकडे वेगळ्या वाटेनें लोक आले. १९३५ सालीं आर्थर एल्टन व एडगर अँस्टी यांनीं ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा छोटा चित्रपट केला. लंडनच्या स्टेपनी भागांतील कोंदट चाळी हा त्याचा विषय. त्यांत चाळींतल्या बायका व पुरुष स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहून बोलतात. उंदीर, ढेकूण, पडके जिने, पाण्याची ओढाताण, सारें आपल्या भाषेंत, आपल्या उच्चारांत सांगतात. त्या काळीं हें अपूर्व होतें. ग्रीअर्सनची बहीण रूबी हिनें त्या लोकांना धीर दिला; यंत्र तुमचेंच आहे, मनांतलें बोला, अशा अर्थाचें ती त्यांना सांगे. तथापि त्या चित्रपटाला पैसा गॅसच्या धंदेवाल्यांचा होता आणि नव्या इमारतींत गॅस यावा ही त्यांची इच्छा होती. रहिवाशाला वाचा मिळाली. पण आपल्या बोलण्यापैकीं काय ठेवावें आणि काय वगळावें, हें ठरविण्याचा अधिकार मिळाला नाहीं.

तो अधिकार मिळाल्याचें एक ठळक उदाहरण म्हणजे फोगो बेट. न्यूफाउंडलंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ हें बेट आहे. वस्ती सुमारें पांच हजारांची, दहाएक लहान गांवांत विखुरलेली. उपजीविका कॉड माशावर. १९६० नंतरच्या वर्षांत किनाऱ्याजवळची मासेमारी मंदावली, पुष्कळ घरें सरकारी मदतीवर जगूं लागलीं आणि बेट उठवून लोकांना दुसरीकडे वसवावें असा विचार सुरू झाला. १९६७ सालीं कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचा दिग्दर्शक कॉलिन लो तेथें गेला. न्यूफाउंडलंडच्या विद्यापीठाचे कार्यकर्ते त्याच्या साह्यास होते.

लो यानें एक मोठा चित्रपट न करतां पंचवीसाहून अधिक लहान लहान चित्रपट केले. एकांत एकच माणूस बोले, दुसऱ्यांत एखादी सभा, तिसऱ्यांत लग्नाचा समारंभ. चित्र तयार झालें कीं प्रथम तें ज्याचें त्याला दाखवावयाचें. त्याची हरकत असल्यास तो भाग काढून टाकावयाचा. मग गांवोगांव दाखवावयाचें. आणि येथें एक गोष्ट घडली. बेटावरील गांवांत पंथभेद होता, जुनी अढी होती. समोरासमोर बसून बोलणें अवघड जात होतें. एका गांवचा कोळी पडद्यावर आपलें गाऱ्हाणें सांगूं लागला तेव्हां दुसऱ्या गांवच्या कोळ्याला तें आपलेंच वाटलें. पुढें तीं चित्रें राजधानींत मंत्र्यांना दाखविलीं गेलीं आणि मत्स्यखात्याच्या मंत्र्यानें दिलेलें उत्तरहि चित्रित करून बेटावर आणलें.

लोकांनीं सहकारी संस्था काढली, मोठ्या नावा बांधण्याचा कारखाना चालविला. बेट उठलें नाहीं. याचें सारें श्रेय चित्रपटाला देणें बरोबर होणार नाहीं. संस्थेची खटपट लोकांनीं आधींपासूनच आरंभिली होती. चित्रानें केलें तें इतकेंच कीं, लोकांना एकमेकांचा आवाज ऐकविला. पण हें थोडें नव्हे. जेथें चित्र प्रथम त्यांतल्या माणसापुढें ठेविलें जातें, तेथें तें माणसाच्या कामीं येतें.

आतां पुन्हा इनुइट लोकांकडे. इग्लूलिक हें उत्तर ध्रुवप्रदेशांतलें एक गांव. दूरचित्रवाणी आणावी काय, असा प्रश्न गांवापुढें आला तेव्हां १९७५ सालीं व पुन्हा १९७९ सालीं गांवानें मत देऊन नकार कळविला. यंत्राशीं त्यांचें वैर नव्हतें. त्या पेटींतून आपल्या भाषेंतला एक शब्दहि ऐकूं येणार नसेल, तर मुलें परक्या भाषेंत स्वप्नें पाहूं लागतील, ही त्यांची भीति होती. इनुक्टिटुट भाषेंतले कार्यक्रम सुरू झाल्यावर मगच गांवानें होकार दिला. याच गांवच्या झकारियस कुनुक या शिल्पकारानें १९८१ सालीं आपल्या दगडी मूर्ति विकून त्या पैशांतून व्हिडिओ कॅमेरा घेतला. १९९० सालीं त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं ‘इसुमा’ ही संस्था काढली. इसुमा म्हणजे विचार.

या संस्थेनें १९९५ च्या सुमारास ‘नुनावुत’ नांवाची तेरा भागांची मालिका केली. तिच्यांत १९४५ सालचें इनुइट जीवन दाखविलें आहे. कातड्याचे कपडे, कुत्र्यांच्या गाड्या, बर्फाचीं घरें, शिकार. पाहणारा चमकून म्हणेल, हें तर नानूकसारखेंच झालें, हेंहि रचलेलेंच! खरेंच, तें रचलेलेंच आहे. पण येथें जुनें जीवन ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें ते म्हातारे जवळ बसून सांगत होते, गांवचींच माणसें तें करून दाखवीत होतीं, भाषा त्यांची, आणि पहिला प्रेक्षक त्यांचींच नातवंडें. पुढें २००१ सालीं कुनुकच्या ‘अतानारजुआत’ या कथापटाला कान येथील महोत्सवांत पहिल्या चित्रपटासाठींचें पारितोषिक मिळालें. घटना रचली कीं टिपली, यावर वाद घालणाऱ्यांनीं इग्लूलिककडे पाहावें. रचनेला दोष नाहीं. कोणी, कोणासाठीं आणि कोणाला विचारून रचलें, यावर चित्राचें खरेंखोटेपण ठरतें.

या कथेचा शेवट एका आजोबा-नातीच्या नात्यांत आहे. फ्लाहर्टीला इनुकजुआक येथील एका इनुइट स्त्रीपासून मुलगा झाला होता. तो बापाला कधीं भेटला नाहीं. १९५५ सालीं उत्तरेस नेलेल्या कुटुंबांत या मुलाचें कुटुंब होतें आणि त्याची लहानगी मुलगी मार्था हीहि होती. मार्था फ्लाहर्टी मोठी होऊन इनुइट स्त्रियांची पुढारी झाली. २००९ सालीं तिच्या बालपणावर एक अनुबोधपट निघाला, ‘मार्था ऑफ द नॉर्थ’. आजोबानें त्या लोकांना बर्फांत हसतांना दाखविलें होतें. नातीनें त्याच बर्फांतली भूक, काळोख आणि बापाबरोबर शिकारीला जातांनाची थंडी सांगितली. तिनें ती आपल्या तोंडानें, आपल्या नांवानें सांगितली.

आतां कॅमेरा घरोघर आला आहे. तो खिशांतच असतो. लग्नांत, यात्रेंत, बाजारांत, आजीच्या स्वयंपाकघरांत तो सहज उघडला जातो. तेव्हां फ्लाहर्टीपुढें असलेला प्रश्न प्रत्येक सुशिक्षित घरापुढें आहे. भाजीवालीचें चित्र घेतलें, तें तिला दाखविलें काय? आजीला बोलावयास लावलें, त्यांतलें काय ठेवावें हें तिला विचारलें काय? दूरदेशींच्या एखाद्या जमातीचा चित्रपट पाहतांना, हीं माणसें हा चित्रपट पाहतील तेव्हां हसतील कीं मान खालीं घालतील, असा विचार मनांत येतो काय? हा विचार येऊं लागला म्हणजे पडद्यावरचा माणूस नुसता पाहण्याचा विषय राहत नाहीं. तो शेजारी येऊन बसतो.