उपचारानंतरची चिंता
(काठी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



स्तनाच्या कर्करोगाचे नाव भरसभेत घेण्यास आपण संकोचतो. परंतु जी स्त्री तो भोगून घरी परतली, तिच्यासाठी आज ते घेणे आम्हांस कर्तव्य वाटते.

काठीहून अक्कलकुवा, तेथून नंदुरबार आणि पुढे आगगाडी, असा प्रवास करून रुग्ण मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पोहोचतो. १९४१ साली सुरू झालेल्या त्या संस्थेने असंख्यांस जीवदान दिले आहे. शस्त्रक्रिया, औषधे व किरणोपचार संपले, की घरची मंडळी म्हणतात, "सुटलो एकदाचे!" त्या स्त्रीच्या मनाची परीक्षा मात्र पुष्कळदा तेव्हाच आरंभते. रुग्णालयात रोज विचारपूस होत असे. घरी तो आधार तुटतो. पाठ दुखली तरी रोग उलटला काय, अशी शंका येते. तपासणीची तारीख जवळ आली, की झोप उडते. केस गेलेले, शरीरास उणेपण आलेले, कधी हातास सूज. अशा वेळी पतीस आपण नकोशा झालो काय, हे ती कोणास विचारणार? हे मनाचे दुबळेपण नव्हे. या रोगानंतर असे पुष्कळ स्त्रियांस होते.

तेव्हा आपण काय करावे? हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तिचे ताट वेगळे मांडू नये. "आता कसली काळजी?" असे म्हणून तिचे बोलणे तोडू नये. तपासणीस पतीने सोबत जावे. उदासी आठवडेच्या आठवडे हटेना, तर डॉक्टरांस सांगावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते.

अमेरिकेतील टेरेसी लॅसर या बाईंवर १९५२ साली हीच शस्त्रक्रिया झाली. बऱ्या झाल्यावर त्या इतर रुग्ण स्त्रियांस भेटून धीर देऊ लागल्या आणि त्यातून मोठे कार्य उभे राहिले. जी त्या वाटेने गेली, तिच्या शब्दाचे बळ निराळेच! आपल्या ज्ञातीतील बऱ्या झालेल्या भगिनींनी हे व्रत घ्यावे.

काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, तेव्हा सारा सातपुडा लोटतो. तिची इच्छा असेल, तर त्या गर्दीत तिलाही आपल्यासवे न्यावे. इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.