एका नांवांतील ‘द’

मोठ्या शहरांच्या नांवांची काळजी सरकार वाहतें. इंग्रजी कागदांतील ‘पूना’चें पुणें झालें, ‘बॉम्बे’ची १९९५ सालीं मुंबई झाली, आणि सार्‍या देशानें आपली जीभ त्याप्रमाणें वळविली. लहान गांवाच्या नांवाला असा कैवारी सहसा लाभत नाहीं. तें शुद्ध राहतें तें केवळ तेथील रहिवाशांच्या मुखांत. नांदेड जिल्ह्यांतील मुदखेड हें याचें बोलकें उदाहरण होय.

मुदखेडचा माणूस आपल्या गांवाचें नांव दोन ठोक्यांत उच्चारतो: ‘मुद्’ आणि ‘खेड’. लिहितांना द पूर्ण असला, तरी बोलतांना त्यांतील अकार गळून पडतो. शेवटचा ड हा ‘डमरू’मधील डकारासारखा ठसठशीत नव्हे, ‘गाडी’ किंवा ‘वाडा’ म्हणतांना जीभ टाळूला जसा निसटता स्पर्श करून परतते, तसा तो आहे. या दोन डकारांना मराठींत अक्षर एकच. परंतु मराठी कानाला भेद शिकवावा लागत नाहीं.

अडचण सुरू होते ती नांव परक्या लिपींत शिरल्यावर. १९४८ सालापर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, आणि संस्थानचा कारभार उर्दूंत चाले. उर्दू लिपींत निसटत्या डकाराला स्वतंत्र अक्षर आहे, तेव्हां ‘खेड’ तेथें सुखरूप राहिलें. परंतु र्‍हस्व स्वर त्या लिपींत सहसा लिहीत नाहींत. नुसते म आणि द पाहून मदखेड वाचावें, मिदखेड वाचावें कीं मुदखेड, हें ज्याला गांव आधींच ठाऊक, त्यालाच कळावें! इंग्रजी कागदांत तर तोच निसटता ड रकार होऊन बसला. नांदेडचें ‘नांदेर’ झालें आणि बीडचें ‘भीर’. रोमन लिपीनें दुसरा घोळ घातला. तिच्यांत द आणि ड या दोहोंना एकच अक्षर. म्हणून अनोळखी वाचक ‘मुडखेड’ म्हणतो. त्यांतून या नांवाचीं पहिलीं तीन रोमन अक्षरें म्हणजे इंग्रजींतील चिखलवाचक शब्द. स्थानकावरचा फलक वाचून परका प्रवासी ‘मडखेड’ म्हणाला, तर दोष त्याच्या जिभेचा कमी आणि लिपीचा अधिक.

परंतु मुदखेडकराला खरा त्रास होतो तो परक्यांचा नव्हे, घरच्यांचा. त्याच जिल्ह्यांत मुखेड नांवाचें दुसरें तालुक्याचें गांव आहे. दोहोंत अंतर एका दकाराचें, आणि तो दकारही उच्चारांत अर्धाच! किंचित् घाईनें बोललें कीं मुदखेडचें मुखेड होतें. मुदखेडकर हें आडनांव मुखेडकर होऊन बसतें. म्हणूनच येथील माणूस आपल्या गांवाचें नांव एकटें सांगत नाहीं. ‘मुखेड नव्हे, मुदखेड, नांदेडजवळचें, जंक्शनचें,’ अशी पुस्ती तो जोडतो. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० सालाच्या सुमारास या मुलुखांतून गेला. पुढें भोकर-किनवटवरून आदिलाबादकडे जाणारा फाटाही मुदखेडहूनच निघाला. ‘जंक्शन’ हा परका शब्द असा गांवाच्या नांवाचा रक्षक होऊन बसला आहे.

नांवाचा अर्थ लावण्याची हौसही माणसाला असतेच. ‘मुद्’ म्हणजे आनंद, तेव्हां हें आनंदाचें गांव, असें एकानें म्हणावें. ‘मुद्ग’ म्हणजे मूग, तेव्हां हें मुगाचें गांव, असें दुसर्‍यानें. दोन्ही अर्थ कानाला गोड लागतात. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा जुन्या रूपांचा लागतो. लातूरचें ‘लत्तलूर’ हें रूप राष्ट्रकूटांच्या लेखांत सांपडतें. वाशीमच्या वाकाटक ताम्रपटांतील ‘नांदीकड’ तें नांदेड, असें विद्वान् मानतात. मुदखेडच्या नांवाचा उत्तरार्ध मात्र स्पष्ट आहे. ‘खेड’ हें संस्कृत ‘खेट’ शब्दाचें प्राकृत रूप. गंगाखेड, उमरखेड, सिंदखेड हे सारे त्याचे भाऊबंद. जैन ग्रंथांच्या टीकाकारांनीं खेट म्हणजे मातीच्या तटानें वेढलेली वस्ती, असा अर्थ दिला आहे. या नांवांत माती आहे खरी. पण ती इंग्रजी वाचकाला दिसते त्या पूर्वार्धांत नसून उत्तरार्धांत आहे!

नांव चुकलें म्हणून गांव ओस पडत नाहीं, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. परंतु शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं पुण्यामुंबईस गेलेला तरुण पहिल्या वर्षीं प्रत्येकाची चूक सुधारतो, दुसर्‍या वर्षीं कंटाळतो, आणि तिसर्‍या वर्षीं ‘मुखेड का?’ या प्रश्नाला मुकाट्यानें मान डोलावतो. नांवाची हानि होते ती या क्षणीं. लत्तलूरचें लातूर पिढ्यान् पिढ्या बोलणार्‍या जिभांनीं घडविलें. तो भाषेचा स्वाभाविक व्यापार होता. ऐकणार्‍याच्या आळसानें आणि सांगणार्‍याच्या संकोचानें एखादें अक्षर गळून जावें, ही गोष्ट निराळी.

यावर उपाय फार मोठा नाहीं. कोणी आपल्या अपरिचित गांवाचें नांव सांगितलें, तर तें एकदां पुन्हां म्हणावयास सांगावें आणि त्याच्यासमोर आपण उच्चारून पाहावें. तेवढ्यानें मुदखेडचा द जागच्या जागीं राहील, आणि सांगणाराला ‘मुखेड नव्हे’ असें म्हणण्याची पाळी येणार नाहीं.