पंचनामा, पोलिसांचे मत आणि अपघाताचा दावा

राज्यमार्गावर रात्रीच्या वेळी मोटार आणि मोटारसायकल यांची टक्कर होते. मोटारसायकलस्वार जागीच मरण पावतो. तासाभराने पोलीस येतात, गावातील दोन पंच बोलाविले जातात, टेप लावून अंतरे घेतली जातात आणि पंचनामा तयार होतो. त्याच्या अखेरीस एखादे वाक्य असते : 'मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात घडल्याचे दिसून येते.' पंच सह्या करतात. पुढे मृताची पत्नी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागते, तेव्हा विमा कंपनीचे वकील नेमके त्याच वाक्यावर बोट ठेवतात. निम्मा दोष मृताचा ठरला, तर २० लाख रुपयांची भरपाई १० लाखांवर येते. टक्कर झाली तेव्हा तेथे हजर नसलेल्या माणसाच्या या वाक्याला पुरावा म्हणून किती किंमत द्यावयाची, हा प्रश्न म्हणूनच केवळ वकिलांपुरता उरत नाही.

साक्षीदाराने स्वतः पाहिले, ऐकले ते सांगावे आणि त्यावरून अनुमान काढण्याचे काम न्यायालयाने करावे, हे पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्व आहे. तज्ज्ञाचे मत हा त्याला अपवाद होय. १८७२ च्या अधिनियमात तो ४५ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो ३९ व्या कलमात आहे. तथापि तज्ज्ञाच्या मताचे वजनही त्यामागील कारणांवर ठरते. गाडीचे ब्रेक तपासणारा मोटार वाहन निरीक्षक यांत्रिक दोषाबद्दल जे सांगतो ते त्याच्या शिक्षणाच्या आणि कामाच्या कक्षेतील असते. घटनास्थळी मागाहून आलेल्या पोलीस अंमलदाराने टायर घासल्याच्या खुणा मोजल्या असतील, तर ते माप म्हणजे त्याने पाहिलेली वस्तुस्थिती होय. 'गाडी भरधाव होती' हे मात्र त्याचे अनुमान झाले. ते कोणत्या मापावरून आणि कोणत्या प्रशिक्षणाच्या बळावर काढले, हे उलटतपासणीत सांगता आले नाही, तर त्या अनुमानाला आधार उरत नाही. 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून' ही शब्दावली तर फिर्यादीमागून फिर्यादीत इतकी सारखी आढळते की, तिच्यावरून एका अपघाताचे वेगळेपण कळणे कठीण व्हावे.

न्यायाधिकरणाची कार्यपद्धती संक्षिप्त असते, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १६९ व्या कलमाने त्यास तशी मोकळीक दिली आहे. फौजदारी खटल्यातील निःसंशय सिद्धतेची येथे अपेक्षा नसते. कोणती गोष्ट अधिक संभवनीय आहे, एवढे पाहिले जाते. त्यामुळे फिर्याद, पंचनामा आणि दोषारोपपत्र ही कागदपत्रे वाचली जातात, आणि चालकाविरुद्ध दोषारोपपत्र दाखल झाले असल्यास सकृद्दर्शनी निष्काळजीपणा दाखविण्यास त्याचा उपयोगही होतो. गरीब वारसाला त्याचा मोठाच आधार असतो. परंतु दोष कोणाचा, याचा निर्णय न्यायाधिकरणानेच करावयाचा असतो. फौजदारी न्यायालयाने चालकास निर्दोष सोडले म्हणून भरपाईचा दावा आपोआप फेटाळला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली एन. के. व्ही. ब्रदर्सच्या प्रकरणात स्पष्ट केले. केरळातील एका प्रकरणात २०१३ साली त्याच न्यायालयाने असे म्हटले की, अपघातानंतर वाहने कोठे उभी होती हे घटनास्थळाच्या पंचनाम्यात दिसते, एवढ्यावरूनच कोणा एका चालकाचा निष्काळजीपणा भक्कमपणे सिद्ध होत नाही.

या निर्णयामागील व्यवहार ग्रामीण भागात राहणाऱ्यास सहज पटावा. टक्कर झाल्यावर लोक धावतात, जखमींना बाहेर काढतात, वाहतूक सुरू व्हावी म्हणून गाड्या बाजूला ढकलतात. पोलीस येतात तेव्हा जे दिसते, ते अनेकदा गावकऱ्यांनी मांडलेले दृश्य असते! गाडी हलविली होती ही नोंदच पंचनाम्यात नसेल, तर रस्त्याच्या चुकीच्या बाजूस उभी दिसणारी मोटारसायकल मृताविरुद्ध साक्ष देऊ लागते.

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. घटनास्थळाची छायाचित्रे आणि नकाशा हे या कामाचे अंग आहे. कागद लवकर पोहोचू लागले, म्हणून ते पहिल्याच वेळी अचूक असण्याची निकड वाढली.

पंच म्हणून ग्रामपंचायतीचे सदस्य किंवा शिक्षक यांनाच बहुधा हाक येते. त्यांनी डांबरी रस्त्याची रुंदी, साईडपट्टीची स्थिती, टायरच्या खुणांची लांबी व दिशा, काचा आणि सांडलेले तेल यांच्या जागा, किलोमीटरच्या दगडापासूनचे अंतर, उजेड होता की नव्हता, वाहने हलविली असल्यास कोणी व कोठून, हे समक्ष पाहून लिहून घ्यावे. दोष कोणाचा, याविषयी मजकूर वाचून दाखविला गेला आणि तो आपण पाहिलेला नसेल, तर तसे सांगून तो वगळण्यास सांगावे. सही त्यानंतर करावी. दोन-तीन वर्षांनी साक्षीसाठी बोलावणे आले, म्हणजे वकील त्यांना पहिला प्रश्न हाच विचारील की, हे वाक्य तुमच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे की दुसऱ्याने सांगितलेले.